इंदूरला नवं जेल बांधायचं तर आराखड्यात आधी काय बदलावं?

आधी कच्च्या कैद्यांसाठी वेगळी इमारत आणि नीट भेटगृह आखावं. भिंतींचा विचार नंतर. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातले सुमारे ७६ टक्के बंदी कच्चे होते, म्हणजे गुन्हा सिद्ध न झालेले. त्यांना शिक्षा झालेल्यांच्या बराकीत कोंबणं हा अन्यायच आहे. एका बराकीत २० पेक्षा जास्त माणसं झोपवू नका, असं २०१६ ची आदर्श कारागृह नियमावली सांगते. भेटगृहात दुहेरी जाळी तर नकोच. दोन्हीकडून एकाच वेळी ओरडाओरड होते आणि लेकराला बापाचा चेहरा धड दिसत नाही. शिक्षेच्या शेवटच्या टप्प्यासाठी आपल्या इंदूरच्या खुल्या जेलसारखी घरं हवीत, जिथे बंदी कुटुंबासह राहतात. मात्र गर्दी केवळ आराखड्याने हटणार नाही, त्यासाठी जामीन वेळेत मिळायला हवेत.