वाचकांचे प्रश्न : लियोंचे पत्ते, गोबलँची वीण, शिफॉनचा पीळ

प्रश्न : जकारने १८०४ मध्ये नक्षीचा माग शोधला असं शिकवतात. मग त्याआधी फ्रान्समध्ये नक्षीचं रेशीम विणत नव्हते का? पत्त्यांवरून नक्षी उमटते कशी? (विद्यार्थी, इचलकरंजी)

विणत होते, आणि फार देखणं विणत होते. राजा पहिला फ्रान्स्वा याने १५३६ मध्ये फ्रान्समधल्या लियों शहराला रेशीम विणण्याची सनद दिली. अठराव्या शतकात तिथल्या फिलिप द लासालचं कापड रशियाच्या कॅथरिन राणीच्या महालापर्यंत पोचलं होतं. पण त्या मागाला दोन माणसं लागत. विणकर धोटा टाकायचा, आणि बाजूला उभं असलेलं पोर दोऱ्यांचे जुडगे ओढून नक्षीपुरते ताण्याचे (उभे) धागे उचलायचं. जुडगा चुकला की फूल मोडलं. दिवसभर ते वजन ओढून पोरांच्या शरीराची दैना व्हायची.

ही ओढाताण यंत्राकडे सोपवण्याची खटपट जकारच्या पाऊणशे वर्षं आधी सुरू झाली. १७२५ मध्ये बुशोंने भोकं पाडलेला कागदाचा गुंडाळा वापरला. १७२८ मध्ये फाल्कोंने त्याऐवजी पुठ्ठ्याचे पत्ते ओवले. पुढे वोकान्सोंने सगळी यंत्रणा मागाच्या माथ्यावर चढवली. जकारने या साऱ्या कल्पना एकत्र जुळवल्या. तरी त्याचं यंत्र अडखळायचंच. पत्ते पुढे सरकवणारा भाग ब्रेतोंने १८१५ ते १८१७ या काळात सुधारला, मग ते सर्रास पसरलं. म्हणून ‘जकारने शोधला’ हे वाक्य पाठ्यपुस्तकात अपुरं आहे असं आमचं स्पष्ट मत आहे.

आता काम कसं चालतं ते. बाण्याच्या प्रत्येक (आडव्या) धाग्याला एक पत्ता. पत्ता चौकोनी ठोकळ्यावर बसून आडव्या सुयांवर येऊन टेकतो. भोक असेल तिथे सुई आत शिरते, तिचा हुक जागेवर उभा राहतो आणि वर जाणाऱ्या पात्याला अडकून आपले धागे उचलतो. भोक नसेल तिथे सुई मागे ढकलली जाते, हुक पात्यापासून सुटतो, धागा खालीच राहतो. समजा नक्षी ४० सेंटिमीटर उंच आहे आणि सेंटिमीटरला २५ बाणे आहेत, तर १,००० पत्ते पाडावे लागतील. यंत्राला ४०० हुक आणि ताण्यात ३,२०० धागे असतील तर एका हुकाला ८ दोऱ्या येतात, म्हणजे रुंदीत तीच नक्षी ८ वेळा. १८३९ मध्ये लियोंला रेशमात विणलेल्या जकारच्या चित्राला सुमारे २४,००० पत्ते लागले होते.

दोष शोधताना हेच गणित कामाला येतं. चूक एकाच आडव्या ओळीत, पण आठही नक्ष्यांत दिसली तर पत्त्यात भोक पाडायचं राहिलंय किंवा जास्तीचं पडलंय. आठही नक्ष्यांत एकेक उभी रेघ सलग चालली असेल तर सुई वाकलीय किंवा हुक अडकलाय. रेघ एकाच नक्षीत असेल तर तेवढी एक दोरी तुटलीय. आणि पावसाळ्यात नक्षीभर विखुरलेल्या चुका दिसू लागल्या तर पुठ्ठ्याकडे बघा: दमटपणाने पत्ता फुगतो, भोकं सुयांसमोर येत नाहीत.

प्रश्न : पैठणीचा पदर आणि फ्रान्सचं गोबलँ कापड यांची वीण सारखीच आहे का? (वाचक, येवला)

गोबलँ म्हणजे भिंतीवर टांगायचं, चित्र विणलेलं कापड. तत्त्व एकच. दोन्हींत बाण्याचा रंगीत धागा या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंत जाऊन परत फिरतो, आणि प्रत्येक रंगाची वेगळी कांडी असते. फरक हद्दीवर आहे. पैठणीत शेजारचे दोन रंग एकमेकांत अडकवतात. गोबलँमध्ये पुष्कळदा तिथे फट राहते, ती नंतर शिवतात. गोबलँच्या कार्यशाळा कोल्बेरने १६६२ मध्ये फ्रान्सच्या राजासाठी घेतल्या.

खरेदीत उपयोगी गोष्ट ही की अस्सल हातवीण पदर उलटा केला तरी मोर जवळपास तसाच दिसतो. जकारच्या (जकार्ड) मागावरच्या ब्रोकेडमध्ये मागे मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात. ती वीण वाईट नव्हे, पण तिला हातविणीचा भाव देऊ नका.

प्रश्न : आजीची फ्रेंच शिफॉनची साडी धुतल्यावर आक्रसली. का? (वाचक, बडोदा)

तुमच्या गावाचा शिफॉनशी जवळचा संबंध आहे. फ्रान्समधून साडीच्या पन्ह्याचं शिफॉन मागवून ते रूढ करण्याचं श्रेय बडोद्याच्या गायकवाडांच्या कन्या, कूचबिहारच्या महाराणी इंदिराराजे यांना दिलं जातं. ‘शिफॉन’चा फ्रेंच अर्थ मात्र चिंधी!

या धाग्याला मीटरमागे हजाराहून जास्त वेढे पीळ असतो. विणताना रेशमाचा डिंक तो पीळ धरून ठेवतो. नंतर साबणाच्या गरम पाण्यात डिंक काढला की पीळ मोकळा होतो आणि कापडाला बारीक सुरकुती येते. पाण्यात धागा फुगला की तो पीळ पुन्हा आवळतो, कापड आक्रसतं. तेव्हा गार पाणी, सौम्य साबण, चार-पाच मिनिटं, पिळायचं नाही. टॉवेलात गुंडाळून पाणी टिपा. किंचित ओलं असतानाच, उलट बाजूने, मंद इस्त्री फिरवत हलक्या हाताने पन्ह्याकडे ओढा. आक्रसलेलं बरंचसं परत येतं. जुनं रेशीम ठिसूळ असतं, म्हणून आधी काठाजवळ चार बोटं जागेवर करून बघा. आणि पिन एकेरी कापडात नको, घडीतून घाला. शिफॉनमध्ये धागे सरकून भोक पडतं, ते रफू करूनही लपत नाही.