हिरव्या रक्ताच्या सापसुरळ्या

प्रश्न : न्यू गिनीच्या जंगलातील काही सापसुरळ्यांचे रक्त हिरवे असते, असे वाचनात आले. त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन नसतेच का? आणि हा हिरवा रंग त्यांना बाधत कसा नाही?

उत्तर : आपण वाचलेले खरे आहे. या लहान सापसुरळ्या प्रॅसिनोहीमा या प्रजातीत गणल्या जातात आणि न्यू गिनी व सॉलोमन बेटांच्या परिसरात आढळतात. त्यांतील बऱ्याचशा झाडांवर वावरतात. बोटांखालच्या चिकट गाद्या आणि फांदीला विळखा घालू शकणारी शेपटी त्यांना तेथे उपयोगी पडते.

हिमोग्लोबिन त्यांच्यात असते आणि प्राणवायू वाहून नेण्याचे कामही तेच करते. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की हिमोग्लोबिनपासून बिलिव्हर्डिन हे हिरवे पित्तरंजक तयार होते. आपल्या शरीरातही ते बनते, परंतु त्याचे लगेच पिवळ्या बिलिरुबिनमध्ये रूपांतर होते आणि यकृत त्याचा निचरा करते. मुका मार लागलेली जागा काही दिवसांनी हिरवट दिसते, ती याच बिलिव्हर्डिनमुळे. या सापसुरळ्यांच्या रक्तद्रवात मात्र ते इतके साठलेले असते की तांबड्या पेशींचा रंग त्यात पार झाकला जातो. स्नायू, हाडे, जीभ आणि तोंडातील अस्तरसुद्धा हिरवे दिसते. माणसाला जे प्रमाण घातक ठरेल, त्याच्या कितीतरी पट बिलिव्हर्डिन अंगात वागवूनही या सापसुरळ्यांना कावीळ होत नाही, आणि पित्तरंजकांमुळे होणाऱ्या विकारांच्या अभ्यासकांना त्यांचे महत्त्व वाटते ते त्यामुळेच.

मला स्वतःला सर्वांत विलक्षण वाटते ती त्यांची वंशावळ. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात असे दिसून आले की हिरवे रक्त एकाच पूर्वजाकडून सर्वांना मिळालेले नसून तांबड्या रक्ताच्या पूर्वजांपासून ते चार वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाले आहे. म्हणजे ज्यांना आपण एका प्रजातीत बसवले, त्या सर्व जाती परस्परांच्या सर्वांत जवळच्या नातलग नाहीत. त्यांतील काही अंडी घालतात, तर काही थेट पिलांना जन्म देतात. एकच गुण चार वेळा उपजला, तेव्हा त्याचा काही लाभ असावा, हा तर्क सयुक्तिक आहे. हिवतापाच्या परजीवींपासून संरक्षण, हा त्याविषयी मांडला गेलेला एक अंदाज. तथापि या सापसुरळ्यांच्या रक्तातही असे परजीवी सापडले आहेत, त्यामुळे पूर्ण संरक्षण मिळते असे म्हणता येणार नाही.