टॉर्चच्या सेलचा हिशोब नंतर, आधी कपाटातलं पाकीट काढा

काटोल तालुक्यातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. ऑगस्टअखेर ५८ व्या वर्षी राज्य सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. घर नागपुरात, गावाकडे सहा एकर शेती. चार एकर संत्रा, उरलेल्यात गहू-हरभरा. कृषी फीडरची, म्हणजे शेतीसाठीच्या वाहिनीवरची वीज बरेचदा रात्रीची येते, म्हणून दोन सालदार (वर्षाच्या बोलीवरचे गडी) आणि ते स्वतः तीन टॉर्च घेऊन ओलिताला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला जातात. त्यांचा प्रश्न असा: ‘दर दहा दिवसांनी मोठे सेल बदलावे लागतात. सगळे टॉर्च चार्जिंगचे घेतले तर वर्षाला दहा हजार तरी वाचतील ना?’

टॉर्च घ्या, पण दहा हजार वाचणार नाहीत. एका टॉर्चला दोन सेल, जोडी ५० रुपयांची. ओलिताचे सहा महिने धरले तर १८ वेळा बदल, तीन टॉर्चचे २,७०० रुपये. पावसाळ्यातले किरकोळ धरून ३,३०० म्हणा. मुळात खर्चच ३,३०० असताना बचत दहा हजार कशी होईल? लिथियम सेलचा बरा टॉर्च ९०० ला पडतो, तीन घेतले की २,७००. तो अडीच-तीन वर्षं चालतो, म्हणजे वर्षाला हजाराच्या आसपास. एका चार्जिंगला साधारण १२ वॅट-तास वीज लागते. एक दिवसाआड चार्ज केले तरी तिन्ही टॉर्चची हंगामभराची वीज चार युनिट होत नाही. तेव्हा वर्षाला दोन हजारांची बचत पक्की. तेवढ्यासाठीही बदल करण्याजोगा आहे.

पत्राच्या शेवटी मात्र तुम्ही दोन ओळी सहज लिहून गेलात. ‘निवृत्तीचे २४ लाख २५ ऑक्टोबरला जमा झाले. बँकेतल्या साहेबांनी त्यातले दोन लाख सात वर्षांच्या एफडीत टाकून दिले, दरवर्षी दोन लाख भरायचे, ते संत्र्याच्या पैशातून भरीन. पंधराव्या वर्षी २४ लाख मिळणार. त्याचं जाड पाकीट २८ नोव्हेंबरला आलं, अजून फोडलं नाही.’

भाऊ, एफडीचं जाड पाकीट येत नाही आणि एफडीत दरवर्षी हप्ता भरावा लागत नाही. ही विमा पॉलिसी आहे. पाकीट आजच फोडा, पहिल्या दोन पानांत हप्ता, मुदत आणि विमा रक्कम छापलेली दिसेल.

तुम्हाला सांगितलं गेलं की १४ लाख भरा, २४ घ्या, ७० टक्क्यांहून जास्त नफा. तो नफा १५ वर्षांचा आहे. सात हप्ते पुढे-मागे भरले जातात, त्यामुळे प्रत्येक रुपया सरासरी १२ वर्षं अडकतो. १४ चे १२ वर्षांत २४ होतात, म्हणजे वर्षाला साडेचार टक्के. हेच हप्ते सात टक्क्यांच्या साध्या एफडीत टाकले असते तर पंधराव्या वर्षी ३१-३२ लाख झाले असते. एफडीच्या व्याजावर कर लागतो, हे मला मान्य आहे. २० टक्के कर कापून धरला तरी २६-२७ लाख उरतात. शिवाय तुम्हाला या विम्याची गरज काय? मुलगी कमावती, कर्ज नाही, पेन्शन घरखर्चाला पुरते असं तुम्हीच लिहिलंय. आणि पैसे हातात येतील तेव्हा तुम्ही ७३ वर्षांचे असाल.

या पॉलिसीच्या परताव्यापेक्षाही मला हप्त्याची काळजी आहे. संत्र्यावर दरवर्षी दोन लाखांचा शब्द सात वर्षांसाठी कोण देतो? अंबिया बहराची फळगळ, एखादी गारपीट, बांगलादेशने आयात शुल्क वाढवल्यापासून पडलेले भाव, यातलं काय कधी समोर येईल हे तुम्हाला माझ्याहून जास्त ठाऊक आहे. सुरुवातीच्या एखाद्या वर्षी बाग फसली आणि हप्ते बंद पडले, तर भरलेल्या पैशातला मोठा भाग जाऊ शकतो. विकणाऱ्या माणसाने हे सांगायला हवं होतं. निवृत्तीचा पैसा खात्यात पडला की त्या आठवड्यात असे फोन येतात, आणि २०-२५ वर्षांची ओळख असलेल्या शाखेतला माणूस समोर बसला की आपण सही करतो. ज्यांनी हे एफडी म्हणून विकलं त्यांचा मला राग आहे, तुमचा नाही.

चांगली गोष्ट ही, की वेळ अजून हातात आहे. विमा नियामकाच्या नियमाप्रमाणे पॉलिसीचे कागद मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. याला फ्री लूक म्हणतात. पाकीट २८ नोव्हेंबरचं, म्हणजे २८ डिसेंबरपर्यंत. मात्र ईमेल आजच तपासा. पॉलिसी आधी मेलवर आली असेल तर कंपनी तिथून दिवस मोजेल. त्या दिवसांची विम्याची किंमत, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी सगळे पैसे परत येतात.

अर्ज साध्या मराठीतही चालेल: ‘ही मुदत ठेव आहे असं सांगून दिली, अटी मान्य नाहीत, फ्री लूकमध्ये रद्द करा.’ पॉलिसी क्रमांक, रद्द केलेला चेक आणि मूळ कागद जोडा. अर्ज बँकेच्या त्या साहेबांच्या हातात देऊ नका, विमा कंपनीच्या नागपूर शाखेत स्वतः जा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेसह पोच घ्या. तोच अर्ज कंपनीला मेलही करा. नंतर फोन येतील. ‘काका, नुकसान होईल, दुसरी चांगली योजना देतो’ म्हणतील. दुसरीही घेऊ नका. कंपनीने नकार दिला किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. तिथे फी लागत नाही, वकीलही लागत नाही.

दुसरी तारीख २५ जानेवारी. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला एरवी वयाची ६० वर्षं लागतात. पण ५५ नंतर निवृत्त झालेल्याला, निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत भरले तर ६० च्या आधीही खातं उघडता येतं. ती मुदत गेली की तुम्हाला ६० पूर्ण होईपर्यंत थांबावं लागेल. सध्याचा दर ८.२ टक्के आहे आणि खातं उघडताना असलेला दर पाच वर्षं बदलत नाही. तुमचे २२ लाख बचत खात्यात नुसते पडून आहेत. त्यातले २० लाख इथे टाका. दर तीन महिन्यांनी ४१,००० रुपये व्याज येईल, मुद्दल शाबूत. उरलेले दोन आणि पॉलिसीचे परत येतील ते, बाग आणि आजारपणासाठी छोट्या-छोट्या एफडीत ठेवा. पोस्टात जाताना निवृत्तीचा आणि मिळालेल्या रकमेचा दाखला सोबत न्या.

टॉर्चबद्दल थोडं राहिलं. सेल बाहेर काढून बदलता येईल असाच घ्या, सील केलेला घेतला तर सेल गेला की टॉर्चही गेला. स्वस्तातले काही टॉर्च आत शिशाची बॅटरी घालून येतात. पावसाळाभर न चार्ज करता पडले की ते कायमचे बसतात, ते टाळा. मे महिन्यात टॉर्च टिनाच्या खोपीत ठेवू नका, आपल्याकडच्या ४५ अंशात लिथियम सेल लवकर म्हातारा होतो. जुन्यांपैकी एक टॉर्च घरी राहू द्या, पण सेल बाहेर काढून, नाहीतर गळून स्प्रिंगवर पांढरी बुरशी चढते आणि ऐन वेळी तो लागत नाही. वीज दोन दिवस गेली तर तोच कामी येईल. रात्री धुऱ्यावर पाय टाकताना सालदाराच्या हातातला उजेड मिणमिणता नको, म्हणून एक भरलेला सेल प्रत्येकाच्या खिशात द्या. त्याचे दोनशे रुपये हिशोबात धरू नका.