वडिलांच्या मानेतल्या गाठीसाठी डॉक्टरांनी थेट रॅपिड अ‍ॅक्सेस क्लिनिकला पाठवलंय. म्हणजे कॅन्सरच आहे का?

घाईने पाठवलं म्हणजे डॉक्टरांची खात्री झालीय, असं नाही. कॅन्सरची शंका लवकर तपासणाऱ्या अशाच एका क्लिनिकमध्ये मी ईएनटी (कान-नाक-घसा) डॉक्टर आहे. आमच्याकडे पाठवलेल्यांपैकी बहुतेकांना कॅन्सर निघत नाही. पण तुम्ही लिहिलंय की वडील ५८ वर्षांचे आहेत, गाठ महिनाभर आहे आणि दुखत नाही. या वयात अशी गाठ तपासल्याशिवाय सोडायची नसते. ‘दुखत नाही ना, मग साधीच असेल’ हा हिशेब इथे चालत नाही.

एरवी उशीर होतो तो दोन तपासण्यांच्या मधे. ईएनटीची तारीख, मग सोनोग्राफीची, मग सुईच्या तपासणीची, मग रिपोर्ट दाखवायची. या क्लिनिकमध्ये हे सगळं शक्यतो एकाच फेरीत उरकतात. इंग्लंडमध्ये पूर्वी ‘दोन आठवड्यांत तज्ज्ञाने पाहावं’ असं लक्ष्य होतं; ऑक्टोबर २०२३पासून त्याऐवजी २८ दिवसांत ‘कॅन्सर आहे’ किंवा ‘नाही’ हे रुग्णाला सांगायचं, असं ठरलं. मला हे जास्त पटतं. तज्ज्ञाला दाखवून आलं म्हणजे निदान झालं असं थोडंच आहे?

तिथे आधी तोंड, जीभ, टॉन्सिल बघतील, बोटाने चाचपतील. मग नाकात बधिर करणारा स्प्रे मारून बारीक, लवचिक दुर्बीण घालतील आणि ‘ईऽऽ’ म्हणायला लावतील. त्यात स्वरयंत्राच्या पट्ट्या हलताना दिसतात. डोळ्यांत पाणी येतं, पण काही मिनिटांचं काम. घसा बधिर असेपर्यंत खाणंपिणं बंद, नाहीतर ठसका लागतो. नंतर सोनोग्राफीत बघत गाठीत सुई घालून पेशी काढतात.

‘गाठच काढून टाका ना’ असा आग्रह मात्र धरू नका. कॅन्सर असलाच तर मानेतली गाठ पुष्कळदा घशातल्या किंवा जिभेच्या मुळाशी असलेल्या मूळ रोगाची पसरलेली शाखा असते. मूळ जागा न शोधता ती कापली तर पुढचे उपचार अवघड होऊ शकतात. आणि गाठीत नुसतं पाणी निघालं, रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ आला, तरी लगेच निर्धास्त होऊ नका. एचपीव्ही या विषाणूमुळे होणाऱ्या टॉन्सिलच्या कॅन्सरच्या मानेतल्या गाठी पुष्कळदा अशाच पाण्याने भरलेल्या असतात आणि सुईला चकवू शकतात. अशा वेळी पुन्हा नमुना घेतात.

एका बाजूचा कान दुखत असेल आणि कान तपासला तर स्वच्छ, तर तेही आवर्जून सांगा. घशातलं दुखणं कानात जाणवतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर आधीच कळवा, पण मनाने बंद करू नका. आणि निघण्याआधी विचारून घ्या: रिपोर्ट कोण सांगणार, कधी, आणि नाही कळलं तर फोन कुठे करायचा?