रोड बाईकला मोटर: वाचकांचे प्रश्न

घरात पडून असलेली रोड बाईक मोटर लावून रोजच्या कामाला वापरता येईल का, आणि त्यासाठी नेमकं काय बदलावं लागेल, अशी विचारणा करणाऱ्या पत्रांतले सर्वांच्या उपयोगाचे प्रश्न इथे घेतले आहेत.

2015 मध्ये नाशिकच्या महाजन बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत पूर्ण केली, त्या उत्साहात आमच्या घरी रोड बाईक आली. आता ती गॅलरीत धूळ खाते आहे. नाशिकरोडहून सातपूर एमआयडीसी मला जेमतेम 15 किलोमीटर पडतं. घामाघूम न होता कामावर पोहोचायचं आहे. मोटर पुढच्या चाकात बसवू, मागच्या की पायडलजवळ?
— एक वाचक, नाशिकरोड

मोटर कुठे बसेल हे सायकलचा सांगाडा ठरवतो. म्हणून किट, म्हणजे मोटर आणि तिच्या जोडसामानाचा संच, मागवण्याआधी एक चुंबक आणि मोजपट्टी घेऊन सायकलपाशी बसा. पुढच्या चिमट्याला, म्हणजे फोर्कला, चुंबक चिकटलं तर तो स्टीलचा. चिकटलं नाही तर टिचकी मारून पाहा. खणखणीत आवाज आला तर ॲल्युमिनियम, बद्द आवाज आला तर कार्बन.

कार्बनच्या फोर्कमध्ये हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यातच बसणारी मोटर, कधीही बसवू नका. साध्या चाकाचा आस फक्त वजन पेलतो. मोटरच्या चाकाचा आस मात्र जोर लागताच फोर्कच्या टोकाच्या खाचेत उलटा फिरू पाहतो. 250 वॅटची छोटी हब मोटर चढावर सुमारे 30 न्यूटन-मीटर पीळ देते. आसाच्या चपट्या भागाची रुंदी 10 मिमी, त्यामुळे खाचेच्या कडांवर येणारा दाब जवळपास 300 किलोच्या वजनाइतका भरतो. स्टील एवढं सोसतं, तेही टॉर्क आर्म, म्हणजे आसाला फिरू न देणारी पट्टी, लावल्यावर. ॲल्युमिनियमचा फोर्क वाकून इशारा देत नाही, एकदम तडकतो, आणि पुढचं चाक निसटलं की माणूस तोंडावर आपटतो. या एका बाबतीत ‘चालून जाईल’ म्हणणाऱ्या मेकॅनिकचं ऐकू नका.

फोर्क स्टीलचा असेल तर पुढच्या चाकातली, आतून गिअर असलेली हब मोटर सगळ्यात सोपी. फोर्कच्या दोन खाचांमधलं अंतर 100 मिमी असतं आणि पुढच्या मोटरी त्याच मापाच्या मिळतात. मागचे गिअर, चेन, चेन सरकवणारा डिरेलर, कशालाच हात लावावा लागत नाही. आस खाचेत तळापर्यंत गेलाच पाहिजे. पुढची खाच बहुधा 9 मिमीची असते आणि आस 10 मिमीचा निघतो. तेव्हा खाचेच्या दोन्ही कडांना अर्धा-अर्धा मिमी कानस मारावी लागते, पण तळाची गोलाई तशीच ठेवायची. खाचेभोवती बाहेरून खोलगट वाटी असेल तर त्यात बसणारा सी-वॉशर आधी घाला. नाहीतर नट कडेवरच टेकतो, घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि आठवड्याभरात सैल होतो. टॉर्क आर्म 4 ते 6 मिमी जाड स्टेनलेस स्टीलच्या पट्टीचा असावा. किटबरोबर येणारी पातळ पत्र्याची पट्टी बाजूला ठेवा आणि एमआयडीसीत लेझर कटिंग करणाऱ्याकडून मापाची कापून घ्या. नट 35 ते 40 न्यूटन-मीटरला आवळा, पहिल्या 50 किलोमीटरनंतर पुन्हा तपासा.

फोर्क कार्बनचा आणि सांगाडा ॲल्युमिनियमचा असेल, तर मागच्या खाचांमधलं अंतर मोजा. रिम ब्रेकच्या रोड बाईकला ते 130 मिमी असतं आणि बहुतेक मागच्या मोटरी 135 मिमीच्या असतात. स्टीलचा सांगाडा 5 मिमी फाकवता येतो, ॲल्युमिनियमचा फाकवू नये. डिस्क ब्रेकच्या सायकलला 135 मिमी आणि उघडी खाच असेल तर मागची मोटर सरळ बसते. पण आरपार जाणारा थ्रू-ॲक्सल असेल तर नटाची मोटर बसणारच नाही. मागची मोटर घेताना आणखी एक गोष्ट विचारा: तिच्यावर मागच्या गिअर-चकत्यांचा कोणता संच बसतो, आट्यांवर फिरवून बसणारा फ्रीव्हील की सरकवून बसणारी कॅसेट? फ्रीव्हीलवर सहसा 6 किंवा 7 चकत्या येतात. तुमचे शिफ्टर, म्हणजे गिअर बदलायचे खटके, 9 किंवा 10 स्पीडचे असतील तर गिअर कधीच जागेवर पडणार नाहीत.

130 मिमीचा ॲल्युमिनियम सांगाडा आणि कार्बन फोर्क अशी जोडी असेल, तर 700सी, म्हणजे रोड बाईकच्या नेहमीच्या मापाच्या, चाकाचा स्टील फोर्क बदलून घेणं हा आमच्या मते सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय. वरच्या नळीचा व्यास आणि ब्रेकचा प्रकार मात्र जुळवून घ्या.

पायडलजवळ बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर 68 मिमीच्या, आटे असलेल्या बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पायडलचा आस जातो त्या नळीत, बसते. आट्यांऐवजी दाबून बसवलेला प्रेस-फिट प्रकार असेल तर अडचण. तिचं वजन चार किलोच्या आसपास, आणि सगळा जोर पातळ चेनमधून जात असल्याने चेन-कॅसेट लवकर झिजतात. घाट चढायचा असेल तर ती उत्तम. नाशिकरोड ते सातपूरसाठी तिची गरज नाही. पुढची हब मोटर, बाटलीच्या जागी बसणारी बॅटरी आणि मोटरला वीज मोजून देणारा छोटा कंट्रोलर मिळून साडेचार-पाच किलो वाढतात. दहा-अकरा किलोची सायकल 16 किलोच्या आत राहते आणि तुम्ही ती जिन्यावरून उचलू शकता.

250 वॅटने काय होणार, किमान 500 घ्या, असा सल्ला मिळाला. लायसन्स लागेल का?
— सिडकोतील वाचक

स्वार, सायकल आणि बॅग मिळून 90 किलो धरा. सपाट रस्त्यावर ताशी 24 किमीने जायला साधारण 110 ते 125 वॅट लागतात. 3 टक्के चढावर ताशी 20 किमीने जायला 215 ते 220. यात तुमच्या पायांचे 70-80 वॅट आलेच, म्हणजे मोटरवर दीडशेही पडत नाहीत. 250 पुरेशी आहे.

500 वॅटचा मोह टाळण्याचं खरं कारण ब्रेक आणि टायर. रोड बाईकचे रिम ब्रेक आणि 25-28 मिमीचे टायर रोज ताशी 40 किमी वेगाने खड्डे खाण्यासाठी केलेले नाहीत.

कायद्याचं म्हणाल, तर केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार मोटरची 30 मिनिटांची (सलग अर्धा तास देता येणारी) शक्ती 250 वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी 25 किमीपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन 60 किलोच्या आत, योग्य ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल परावर्तक असेल तर ते ‘मोटार वाहन’ धरलं जात नाही. नोंदणी, लायसन्स, विमा लागत नाही. मात्र या अटी पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने तपासलेल्या असाव्यात असंही नियम सांगतो. म्हणून किट घेताना चाचणीचा कागद मागा आणि मोटरवर कोरलेले वॅट पाहा.

वॅटपेक्षा जास्त वेळा चुकतो तो फेऱ्यांचा आकडा. 700सी चाकाचा परीघ सुमारे 2.1 मीटर, म्हणजे ताशी 25 किमीला मिनिटाला जवळपास 200 फेऱ्या होतात. 36 व्होल्टला विनाभार 200 ते 260 फेऱ्यांची मोटर मागा. 20 इंची चाकासाठी गुंडाळलेली, सव्वातीनशे फेऱ्यांची मोटर मोठ्या चाकात घातली तर ती चढावर रखडते, वीज खाते आणि तापते. दुकानदार तिला ‘जास्त स्पीडची’ म्हणून विकतो.

बॅटरी किती मोठी घ्यावी? स्वस्तात जोडून देणारे मिळतात, घ्यावी का?
— पाथर्डी फाटा आणि पंचवटीतून

पायडल मारत मदत घेतली तर किलोमीटरला 8 ते 12 वॅट-तास लागतात. नुसत्या थ्रॉटलवर त्याहून बरेच जास्त. येऊन-जाऊन 30 किमीला 9 च्या हिशोबाने 270 वॅट-तास झाले. बॅटरी रोज तळापर्यंत ओढायची नाही, म्हणून 340 ते 380 ची घ्या. कामाच्या जागी चार्जिंगची सोय असेल तर 270 पुरते आणि अर्धा किलो वाचतो.

36 व्होल्टच्या पॅकमध्ये 10 सेल एकामागोमाग असतात. पूर्ण चार्ज 42 व्होल्ट, रिकामी सुमारे 30. दहाच्या रांगेला तीन-तीन सेल जोडले, म्हणजे 10एस3पी केलं, आणि सेल अडीच अँपिअर-तासाचे असतील तर साडेसात अँपिअर-तास, म्हणजे 270 वॅट-तास. त्याच जागेत साडेतीनचे सेल घेतले तर 378 होतात. कंट्रोलर 15 अँपिअरचा असेल तर तीनच्या पॅकमधल्या प्रत्येक सेलवर 5 अँपिअर येतात. लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधून काढलेले सेल हा भार सोसत नाहीत. ते तापतात, व्होल्टेज कोसळतं आणि पॅक चढावर बंद पडतो. या सायकलला 10 ते 12 अँपिअरचा कंट्रोलर पुष्कळ.

पॅक जोडून घेणार असाल तर तीन गोष्टी स्वतः पाहा: सेल नवे आणि एकाच बॅचचे आहेत का, पट्ट्या स्पॉट वेल्डिंगने लावल्यात का (सेलवर थेट डाग दिला की उष्णतेने आतलं इन्सुलेशन जातं), आणि बीएमएसला, म्हणजे सेलचं चार्जिंग सांभाळणाऱ्या सर्किटला, दहाही गटांचं व्होल्टेज सारखं ठेवणारी बॅलन्स वायर आहे का. यातलं एकही उत्तर गुळमुळीत आलं तर तो पॅक घरात आणू नका. लिथियमची आग पाण्याच्या बादलीने आटोक्यात येत नाही.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि पत्र्याच्या पार्किंग शेडखाली त्याहून वर जातो. 45 अंशांच्या वर चार्जिंग करू नये. कामावर पोहोचलात की बॅटरी काढून आत न्या, अर्धा तास निवू द्या, मग चार्जर लावा. 2 अँपिअरच्या चार्जरने साडेसातची बॅटरी चार तासांत भरते. महिनाभर सायकल वापरायची नसेल तर बॅटरी निम्म्याच्या आसपास भरलेली ठेवा.

बाटलीचा पिंजरा लावायच्या दोन स्क्रूंवर अडीच किलोची बॅटरी टांगली की खड्ड्यांनी सांगाड्यातले रिव्हेट-नट (ज्यांत ते स्क्रू बसतात) घुमू लागतात. शिवाय एक पट्टा आवळा.

ड्रॉप हँडलवर किटचे ब्रेक लिव्हर आणि थ्रॉटल बसत नाहीत. आता?
— गंगापूर रोड

बसणारच नाहीत. किटचे लिव्हर 22.2 मिमीच्या सरळ हँडलसाठी असतात, ड्रॉप हँडलची नळी 23.8 मिमीची. लिव्हर बदलायची गरजही नाही. ब्रेकच्या केबलवर मध्येच बसणारा कट-ऑफ सेन्सर मिळतो. केबल ताणली की मोटर बंद. तो न लावता सायकल चालवू नका, कारण पायडल सेन्सरची, म्हणजे पायडल फिरताना ओळखून चालू होणारी, मोटर पाय थांबल्यावरही क्षणभर ढकलत राहते, आणि द्वारका चौकात तो क्षण महागात पडतो. थ्रॉटल सोडूनच द्या, पायडल सेन्सरवर सायकल जास्त हलकी चालते.

पायडल सेन्सर लावताना चुंबकाची चकती आणि सेन्सर यांत 2-3 मिमी अंतर ठेवा. चकती उलटी बसली तर पुढे पायडल मारल्यावर मोटर मुकी राहते. 24 मिमी पोकळ ॲक्सलचा क्रँक (पायडलचा दांडा) असेल तर दोन तुकड्यांत उघडणारी चकती मागा. चौकोनी ॲक्सलची घातली जात नाही.

दोन पावसाळी आठवड्यांनंतर मोटर झटके देते, जागच्या जागी थरथरते. मोटर जळली का?
— इंदिरानगर

बहुधा नाही. आधी हॉल सेन्सरचा, म्हणजे मोटर कुठे फिरली आहे ते कंट्रोलरला कळवणाऱ्या सेन्सरचा, जोड उघडून पाहा. पाच बारीक वायरींच्या त्या जोडात पाणी किंवा हिरवट गंज असतो. कोरडं करा, पिना साफ करा, जोडा. तरी थरथर असेल तर मल्टिमीटर घ्या. लाल-काळ्यामध्ये 5 व्होल्ट दिसले पाहिजेत. मग पिवळी, हिरवी, निळी एकेक करून काळ्याशी मोजत चाक हळूहळू उलटं फिरवा. सुलटं फिरवून उपयोग नाही, कारण आतला क्लच सुटतो आणि मोटर फिरतच नाही. प्रत्येक वायर 0 आणि 5 च्या मध्ये उघडझाप करायला हवी. जी करत नाही तो सेन्सर गेला.

चाक उलटं फिरवताना जड लागत असेल तर तीन जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवा. सोडवल्यावर हलकं झालं तर कंट्रोलर शॉर्ट. तसंच जड राहिलं तर आसातून बाहेर येताना वायरी एकमेकींना चिकटल्या आहेत. सायकल आडवी पडून आसाच्या टोकाला वायर सोलली गेली की हे हमखास होतं.

पाणी जातं ते मुख्यतः वायरीवरून ओघळून. आसाजवळ वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळेल. कंट्रोलर सीटखाली, वायरींची बाजू खाली करून लावा. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने सायकल धुऊ नका.

स्पोक सारखे तुटतात आणि पंक्चर काढायला कोणी हात लावत नाही.
— देवळाली कॅम्प

मोटरच्या हबला बहुधा 36 स्पोक लागतात आणि रोड बाईकच्या जुन्या रिमला 28 किंवा 32 भोकं असतात. म्हणून जुनी रिम वापरण्याचा हट्ट सोडा, 36 भोकांची दुहेरी भिंतीची रिम घ्या. हब मोठा असल्याने स्पोक आखूड आणि तिरपे बसतात. एका क्रॉसने, म्हणजे प्रत्येक स्पोक दुसऱ्या एकाच स्पोकला ओलांडेल असं, विणून घ्या, जास्त क्रॉस केले तर रिमजवळच्या निपलपाशी वाकून तुटतात. पहिल्या 100 किलोमीटरनंतर चाकाचा आउट काढून घ्या. बहुतेक तुटलेल्या स्पोकचं कारण तेव्हा न आवळलेला स्पोक असतो.

सांगाड्यात जागा असेल तर 32 मिमीचे टायर घाला आणि 65 पीएसआयच्या आसपास हवा ठेवा. पंक्चरची तयारी स्वतःच करा: 18 मिमीचा पाना (काही किटना 19 लागतो), एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, आणि आसापासून वीतभर अंतरावर सुटणारा वायरीचा जोड. जोड नसेल तर चाक बाहेरच येत नाही, म्हणून किट मागवतानाच तो आहे का विचारा. चाक परत घालताना टॉर्क आर्म आणि सी-वॉशर त्याच क्रमाने बसवायचे. काढताना मोबाईलवर फोटो घेऊन ठेवा.