घोटा दुखतोय? आधी जुनी दुखापत आठवा

गुडघेदुखीवर लिहिल्यानंतर पत्रे आली ती बहुतेक घोट्याबद्दलची. गावे वेगळी, वये वेगळी, पण समजूत एकच: वय झाले, झीज झाली, आता तेल चोळत दिवस काढायचे. गुडघ्याचा हिशेब घोट्याला लागू होत नाही. तो लावल्यामुळे उपचाराची वर्षे हातची जातात, म्हणून यावेळी फक्त घोटा.

प्रश्न : वय 49. गुडघे ठणठणीत आहेत, पण उजवा घोटा सकाळी पहिली दहा-बारा पावले टाकू देत नाही. एक्स-रे पाहून झीज सांगितली. गुडघ्याआधी घोटा कसा झिजला? (शिक्षिका, फोंडा)

गुडघा आणि खुबा वयाने, वजनाने, आनुवंशिकतेने झिजतात. घोट्याची झीज झालेल्या दहांपैकी सात-आठ जणांच्या मागे मात्र जुनी दुखापत असते: कधीतरी मोडलेले हाड, नाहीतर वारंवार मुरगळून सैल पडलेले लिगामेंट, म्हणजे हाडांना हाडाशी बांधणारा पट्टा. घोट्यातली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत अस्तर, जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाड असते. तरीही ती जन्मभर पुरते, कारण सुताराने खाचेत खुंटी ठोकावी तसा हा सांधा घट्ट बसलेला असतो. खाच बिघडली की पातळ कूर्चेला वाव उरत नाही.

पत्रात तुम्ही दुखापतीचा उल्लेख केलेला नाही. आठवून पाहा: स्कूटर घसरली होती का, चिऱ्याच्या पायऱ्यांवर पाय वळला होता का? वीस वर्षांपूर्वीचे असले तरी डॉक्टरांना सांगा. तसे काहीच नसेल, दोन्ही घोटे आणि हाताची बोटेही आखडत असतील आणि सकाळचा ताठरपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, तर तो आमवात असू शकतो. त्याची औषधे पूर्ण वेगळी, त्यामुळे संधिवाततज्ज्ञांना दाखवा. आणि एक्स-रे उभे राहून काढला होता का, तेही बघा. आडवे झोपवून काढलेल्या एक्स-रेत सांध्यातली फट खरी दिसत नाही.

प्रश्न : पाऊस लागला की घोटा जास्त दुखतो. ओलाव्याने सांधा झिजतो का? (काणकोण)

नाही. दुखणे जाणवते जास्त, झीज वाढत नाही.

प्रश्न : घोटा फिरवला की कट्‌कट् वाजतो. दुखत नाही, सूज नाही. (साखळी)

दुखणे आणि सूज नसेल तर त्या आवाजाला उपचार लागत नाही.

प्रश्न : मुलगा 21 वर्षांचा, फुटबॉल खेळतो. तीन आठवड्यांपूर्वी मैदानावर पाय मुरगळला. गावातल्या जाणत्या माणसाने तेल लावून चोळून, पाला बांधून दिला. आता तो लंगडत का होईना चालतो, पण संध्याकाळी सूज येते. "चालतो म्हणजे हाड मोडलेले नाही," असे सगळे म्हणतात. एक्स-रेची खरेच गरज आहे का? (बार्देश)

आहे, आणि याच आठवड्यात.

"चालतो म्हणजे मोडलेले नाही" हे वाक्य मी इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकले आहे, आणि त्यातल्या कितीतरी जणांचा एक्स-रे पाहून मला वाईट बातमी द्यावी लागली आहे. नडगीच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक हाड असते. शरीराच्या वजनाचा थोडाच भाग त्याच्यावर येतो, म्हणून ते मोडले तरी माणूस दात-ओठ खाऊन चालू शकतो. पण घोट्याच्या खाचेची बाहेरची भिंत तेच हाड. ती भिंत जराशी सरकली की खाचेतले हाड तिच्यामागे सरकते. किती सरकल्याने बिघडते? 1976 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे मोजले गेले: खाचेतले हाड फक्त एक मिलिमीटर बाहेर सरकले तर सांध्यातला टेकणारा भाग 42 टक्क्यांनी कमी होतो. वजन तेच, टेकू निम्म्याच्या जवळ. कूर्चा लगेच ओरडत नाही. मुलगा दोन-चार वर्षे खेळतोही. मग पस्तिशीत, चाळिशीत पायऱ्या उतरताना कळ येऊ लागते, आणि तो मला पत्र लिहितो की इतक्या लवकर झीज कशी झाली.

एक्स-रे कधी काढायचा याची साधी कसोटी कॅनडातल्या ओटावा शहरातल्या डॉक्टरांनी 1992 साली घालून दिली, ती आज जगभर वापरतात. दुखापतीनंतर लगेचही आणि दवाखान्यात तपासतानाही चार पावले टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या आतल्या वा बाहेरच्या हाडाच्या मागच्या कडेवर, खालच्या सहा सेंटिमीटरांत कुठेही दाबून दुखत असेल, तर एक्स-रे काढायचाच. पाऊल दुखत असेल तर तिथेही दाबून बघायच्या दोन जागा आहेत, त्या डॉक्टर तपासतील. ताज्या दुखापतीची ही कसोटी आहे. तीन आठवड्यांनंतरही सूज येते म्हटल्यावर कसोटी लावत बसायचे नाही, एक्स-रे काढायचा. हाड नीट असेल तर लिगामेंट तपासायचे.

चोळण्याबद्दल स्पष्ट लिहितो. चोळणाऱ्या माणसाचा हेतू चांगला असतो, शेजारधर्म म्हणून तो धावून येतो, पैसे घेतोच असेही नाही. पण ताज्या दुखापतीवर जोर लावून चोळल्याने आतला रक्तस्राव वाढतो, आणि जागेवर असलेले मोडके हाड जागेवरून हलू शकते. सांजावच्या सणाला विहिरीत उडी मारणारी मुले, चिखलकाल्याच्या खेळात घसरणारी मुले, फुटबॉलवाली मुले, सगळ्यांच्या घरच्यांना माझी एकच विनंती आहे. पहिल्या दिवशी कपड्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत डॉक्टर. तेल नको, गरम शेक नको.

तीन आठवड्यांत हाड जुळायला लागलेले असते. वाकडे जुळत असेल तर अजूनही सरळ करता येते, पण दर आठवड्याला ते काम अवघड होत जाते. हाताशी आलेले पोर आहे, अस्थिरोगतज्ज्ञांकडे न्या.

प्रश्न : एका हॉटेलात सांधेदुखीचे मोफत शिबिर होते. माझा घोटा बघून "स्वतःच्या रक्तातले प्लेटलेट्स" आणि नंतर "स्टेम सेल" अशा तीन इंजेक्शनांचे पॅकेज सांगितले. त्याच दिवशी पैसे भरले तर सवलत. घ्यावे का? (म्हापसा)

घेऊ नका. ज्या उपचाराला त्याच दिवशी पैसे भरल्यावर सवलत मिळते, त्याची घाई विकणाऱ्याला असते. घोट्याच्या झिजेला घाई नसते.

प्लेटलेट्सच्या इंजेक्शनाची घोट्यावरची नीट चाचणी नेदरलँड्समध्ये झाली आणि 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. शंभर रुग्ण होते, काहींना प्लेटलेट्स, काहींना नुसते मिठाचे पाणी. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. स्टेम सेलचे तर आपल्या देशात आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वे आहेत. झिजलेल्या सांध्यासाठी हा मान्य उपचार नाही, परवानगी घेऊन चाललेल्या संशोधनातच तो देता येतो, आणि संशोधनात रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात.

स्टेरॉइडचे इंजेक्शन वेगळे. त्याने काही आठवडे, कधी दोन-तीन महिने आराम पडतो. पण ते वरचेवर घ्यायचे नाही, आणि शस्त्रक्रिया ठरत असेल तर आधीच्या तीन महिन्यांत तर नाहीच, जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. घ्यायचे की नाही हे तुमची साखर पाहून तुमचे डॉक्टर ठरवतील.

प्रश्न : युरिक ॲसिड 7.4 आले. नुस्ते (मासे) बंद करू? (वास्को)

नुसत्या आकड्यावरून काही बंद करू नका. घोटा रात्रीत लालबुंद होऊन, चादरीचा स्पर्शही सोसत नाही अशी कळ आली होती का? तशी आली असेल तर गाऊटची, म्हणजे युरिक ॲसिड सांध्यात साठून होणाऱ्या आजाराची शंका, आणि ऐन दुखण्यात युरिक ॲसिड नॉर्मलही येते हेही ध्यानात घ्या. गाऊट ठरला तर बिअर आणि फेणी आधी सोडा, मग तारले-बांगड्यांचे प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवा. दुकानातून परस्पर घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या महिनोन्‌महिने खाऊ नका, मूत्रपिंडे जातात.

प्रश्न : वडिलांना पंधरा वर्षे मधुमेह. डावा घोटा सुजला आहे, लाल आहे, गरम लागतो, पण ते म्हणतात दुखत नाही. थांबावे का? (पेडणे)

अजिबात नाही. या घरी मी पत्र मिळाल्या दिवशीच कळवले. इथे छापतो ते इतरांसाठी. जुन्या मधुमेहात अनेकदा पायाची जाणीव गेलेली असते, म्हणून आत हाडे मोडत असताना दुखत नाही. पाय जमिनीला न टेकवता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

प्रश्न : काठी कोणत्या हातात धरावी? (सावर्डे)

दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात.

प्रश्न : मी पाडेली, माडावर चढून नारळ पाडतो. वय 46. बारा वर्षांपूर्वी माडावरून पडून घोटा मोडला होता. आता रात्रीही ठणकतो. एक डॉक्टर म्हणतात सांधा जोडून टाका, दुसरे म्हणतात कृत्रिम सांधा बसवा. मला परत माडावर चढता येईल का? (डिचोली)

तुम्ही सरळ विचारलेत, मीही सरळ सांगतो. दोन्हींपैकी काहीही केले तरी माडावर चढणे मी सुचवणार नाही. चढताना पाऊल खोडावर वळवून रेटावे लागते. जोडलेला घोटा वळत नाही, आणि कृत्रिम सांध्यावर रोज तो भार घातला तर तो लवकर सैल होतो.

सांधा जोडणे, म्हणजे फ्युजन, हा जुना आणि भरवशाचा मार्ग. ठणका जातो, सपाट रस्त्यावर माणूस चांगला चालतो. पावलाच्या पुढच्या सांध्यांत थोडी हालचाल उरते, त्यामुळे पाय लाकडासारखा होत नाही. मात्र उकिडवे बसणे आणि चढ-उतार जड जातात, आणि वर्षांनंतर शेजारचे सांधे झिजू शकतात. साधारण सहा आठवडे पाय टेकवायचा नसतो, पुढे आणखी काही आठवडे प्लास्टर किंवा बूट. तंबाखू, विडी ओढत असाल तर आजपासून बंद. ओढणाऱ्यांची हाडे न जुळण्याचे प्रमाण बरेच जास्त असते.

कृत्रिम सांधा मी साठीच्या आसपासच्या, कष्टाचे काम नसलेल्या माणसाला सुचवतो. ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढच्या सुमारे तीनशे रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली. वर्षभराने दोन्ही गटांना चांगला आराम होता, आणि त्यांच्यातला फरक निर्णायक नव्हता. तुमचे वय आणि काम पाहता माझा कल फ्युजनकडे आहे. पण झीज सांध्याच्या एकाच बाजूला असेल, हाड तिरके जुळल्यामुळे, तर वरचे हाड सरळ करून सांधा वाचवता येतो. तुम्हाला हे कोणी सांगितलेले दिसत नाही. ते उभ्याच्या एक्स-रेवर ठरते.

तोपर्यंत घोट्याला आधार देणारा ब्रेस आणि तळ गोलसर असलेले बूट वापरून बघा. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या अस्थिरोग विभागात दाखवा. बारा वर्षांपूर्वीचे एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड घरात शोधून सोबत न्या. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर तेही, आणि तुमची शस्त्रक्रिया त्यात बसते का ते भरती होण्याआधी तिथल्या काउंटरवर विचारून घ्या.