शुगर काठावर आलीय? सुरुवातीला एवढंच करा

भाऊ, तुमची तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, 6.1 आलीय. 5.7 ते 6.4 हा मधुमेहाचा उंबरठा. इथून मागे फिरता येतं. मी उंबरठा ओलांडल्यावर जागा झालो, म्हणून कळकळीनं सांगतो.

पहिल्याच आठवड्यात भात बंद, गोड बंद, रोज दहा किलोमीटर, असलं काही करू नका. पंधरा दिवसांत सगळं सुटतं.

- जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चाला. पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. सकाळी आपल्या जळगावच्या मेहरूण तलावाकडे गेलात तर उत्तमच, पण मे महिन्यात सातच्या आत घरी या.
- ताट आपलंच ठेवा. कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद असतो, म्हणजे प्रथिनं आलीच. मात्र 'ज्वारी चांगली' म्हणून चार भाकरी खाल्ल्या तर साखर वाढणारच. मी दोनवर आलो आणि तिसरीच्या जागी कांद्याची पात, मुळा, काकडी घेतली. भरीत जरूर खा, वर तरंगणारं तेल वाटीत काढून ठेवा. शेवभाजी आणि तुपात बुडवलेली बट्टी महिन्यातून एखाद्या वेळी.
- दुकानात दिवसाला पाच-सहा चहा होतात ना? आधी तिथली साखर मोजा.

कमरेचं माप आजच लिहून ठेवा, बीपीही बघून घ्या. कुणी सांगितलं म्हणून काढे सुरू करू नका. कोणत्या डाळीनं साखर किती चढते, हे सगळं नंतर बोलू. तीन महिन्यांनी तीच तपासणी करा आणि आकडा मला कळवा.